आरएनए-टोकांचे द्रव्यमान वर्णपटविज्ञान

पेशीकेंद्रकयुक्त सजीवांतील संदेशवाहक आरएनएच्या ५′ टोकाला मिथिल गट असलेले ग्वानोसीन तीन फॉस्फेटांच्या दुव्याने उलटे जोडलेले असते. १९७५ मध्ये उलगडलेली ही ‘टोपी’ रेणूचे विघटन रोखते व प्रथिननिर्मितीस चालना देते. परीक्षणासाठी टोकाशी पूरक डीएनए-धागा जुळवून आरएनएझ-एच या विकराने लहान तुकडा कापतात, द्रव-वर्णलेखनाने तो वेगळा करतात आणि त्याचे आयनीभवन करून द्रव्यमान मोजतात. टोपी असल्यास द्रव्यमान वाढते आणि एक मिथिल गट वाढल्यास ते आणखी सुमारे १४ डाल्टनांनी वाढते; त्यामुळे टोपीयुक्त व टोपीविरहित रेणूंचे प्रमाण कळते. असे परीक्षण आरएनए-लशींसाठीही महत्त्वाचे असते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या, जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळालेल्या कोविड लशीचा घटक आरएनए असून ती २–८° से. तापमानात साठवता येते. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांसाठी ही सोय मोलाची असली, तरी आरएनए-लशींची परिणामकारकता टोके अखंड राहण्यावरही अवलंबून असते.