चौकटीबाहेरची फणी

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर एरंडोल मागे पडले की पारोळे येते. गावातला भुईकोट किल्ला 1727 च्या सुमारास हरि सदाशिव दामोदर यांनी बांधला, असे सांगितले जाते. पुढे ही जहागीर नेवाळकरांकडे राहिली. झाशीच्या गादीवर बसलेले नेवाळकर ते हेच घराणे. सत्तावनच्या धामधुमीनंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. आज खंदक, बुरूज आणि तटाचे अवशेष पाहून आपण बाजारपेठेत परततो, तेव्हा कुठल्याशा केशकर्तनालयाच्या भिंतीवर चिकटवलेली चित्रे नजरेस पडतात : तिरपा भांग, कपाळावर उतरलेली बट, वाऱ्यावर उडाल्यासारखे भासणारे पण एकही केस जागचा न हललेले मस्तक. ही चित्रे कुणाची, कुणी काढली, हे दुकानदार सांगू शकत नाही. आणि त्या मस्तकावर फणी कुणी फिरवली, हा प्रश्न तर कुणी विचारतही नाही.

आम्हांला तो प्रश्न विचारावासा वाटला. फॅशनच्या छायाचित्रासाठी केस रचणे हा विषय साहित्याच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी फार हलका वाटेल. परंतु महाराष्ट्रात केसांचा इतिहास हलका कधीच नव्हता. स्त्रीचे केस कुणाच्या मालकीचे, ते कुणी पाहावेत, कुणी बांधावेत, कुणी कापावेत, याविषयी या समाजाने जेवढी शास्त्रचर्चा केली तेवढी फारच थोड्या गोष्टींविषयी केली असेल. कॅमेरा या चर्चेत उशिरा आला, आणि आल्यावर त्याने ती संपवली नाही. तिला फक्त चौकट दिली.

आरंभ पारोळ्याशी नाते सांगणाऱ्या घराण्यातूनच करू. गंगाधरराव नेवाळकर 21 नोव्हेंबर 1853 रोजी वारले. त्यांना नाटकाचा शोक होता. ते स्त्रीवेष धारण करीत असल्याच्या हकीकती त्या काळी लोकांच्या तोंडी होत्या आणि गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथातही त्या उतरल्या आहेत. याच ग्रंथात दुसरी एक नोंद आहे. वैधव्य आल्यावर लक्ष्मीबाईंचे केशवपन झाले नाही, आणि केस राखल्याबद्दल त्या नित्य प्रायश्चित्त घेत असत. वरसईचे हे भटजी वेढ्याच्या दिवसांत झाशीत होते. त्यांचे लिखाण चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केले. या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. राजाने हौसेखातर स्त्रीचा वेष करावा, ही कुजबुजीची गोष्ट. राणीने स्वतःचे केस स्वतःच्या डोक्यावर ठेवावेत, ही मात्र प्रायश्चित्ताची गोष्ट! राणीची म्हणून जी छायाचित्रे वेळोवेळी प्रसिद्ध होतात, त्यांपैकी एकही निःसंशय खरे ठरलेले नाही. म्हणजे तिचे केस आपण पाहिलेले नाहीत. आपल्यापर्यंत आला तो त्या केसांचा दंड.

या दंडाची अंमलबजावणी करणारा हात न्हाव्याचा होता. 1890 साली या हातानेच नकार दिला, हे आपल्या सामाजिक इतिहासातले एक विलक्षण पान आहे. सत्यशोधक परंपरेतले कामगार-पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा पवित्रा घेतला. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ सुरू झाले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. त्या कादंबरीतल्या यमूवर जो शेवटचा घाला पडतो तो सक्तीच्या वपनाचाच. कादंबरीने वाचकाला त्या खोलीत नेऊन उभे केले. संपकऱ्यांनी वस्तरा खाली ठेवला. पहिल्या कृतीची चर्चा आपण वर्गात दरसाल करतो. दुसरीही तिच्या शेजारी शिकवली जावी, असे आम्हांला वाटते. केशभूषेच्या इतिहासात ज्याच्या हातात हत्यार आहे त्याचे मत महत्त्वाचे असते, हे त्या संपाने प्रथम दाखवून दिले.

दरम्यान छायाचित्रकलेने मुंबईत मूळ धरले होते. 1854 मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या कलेतली आरंभीची एतद्देशीय नावे. त्या काळच्या काचेला प्रकाश टिपायला वेळ लागे. बसणाऱ्याची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. अशा वेळी मोकळे केस हा धोकाच होता. सुटलेली बट हलली की काचेवर धूर उमटे. शिवाय त्या रसायनाला निळा रंग चटकन दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या छायाचित्रांत कुंकू काळे येते, आणि काळे केस मागच्या काळोखात विरघळून जातात. केस घट्ट ओढून, तेल लावून, मधोमध भांग पाडून बसण्याची जी पद्धत आपण कुलीन शालीनतेची खूण मानतो, तिला रसायनशास्त्राचाही हातभार होता. तेलाची चकाकी हीच काळ्या केसांवरची एकमेव प्रकाशरेषा. आजीच्या फोटोतला तो चापून बसवलेला अंबाडा थोडा रूढीचा, थोडा काचेचा.

आणि तो अंबाडा घालून कोण देई? बहुधा घरातलीच कुणी बाई. खोपा, बुचडा, तिपेडी, पाचपेडी, सागरवेणी ही विद्या एकीच्या गुडघ्याशी दुसरीने पाठ करून बसावे आणि पोचती व्हावी, अशी होती. केस विरळ असले तर गंगावन होते. दुसऱ्या कुणाचे केस आपल्या वेणीत बेमालूम गुंफण्याची ही युक्ती आपल्याकडे जुनीच. परक्या पुरुषापुढे बसण्याची अडचण ओळखून राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंच्या हाती सोपवला. आमच्या खानदेशात मात्र प्रश्न पदरानेच सोडवला होता. आसोद्याच्या बहिणाबाईंचे जे छायाचित्र पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाचे झाले आहे, त्यात डोक्यावर पदर आहे. त्या पदराखाली कोणती वेणी होती, हे कॅमेऱ्याला विचारून उपयोग नाही.

केस जाहीरपणे पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला लावली ती एका पुरुषाने, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बालगंधर्वांच्या (1888–1967) स्त्रीभूमिकांची छायाचित्रे घरोघर गेली. लुगड्याचा घोळ, नथ, अंबाड्यावरचा गजरा यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या, ही त्या पिढीने वारंवार सांगितलेली आठवण आहे. फॅशनच्या छायाचित्राचे जे कार्य, म्हणजे पाहणाऱ्याला ‘मीही अशी दिसेन’ असे वाटायला लावणे, ते येथे पुरेपूर साधले होते. फक्त ज्याला पाहून स्त्रिया वेणी घालायला शिकल्या, ते मस्तक पुरुषाचे आणि त्यावरचे केस टोपाचे होते! दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही तारामती झाले ते अण्णा साळुंके. स्त्रीपार्टी नटांना मिशा उतरवायला राजी करताना दादासाहेबांना कष्ट पडले, हा किस्सा सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले पडद्यावर आल्या, आणि टोपाखालचे केस प्रथम स्वतःच्या हक्काने कॅमेऱ्यासमोर आले.

पुढची काही दशके छायाचित्रापेक्षा चित्रकाराचा कुंचलाच अधिक प्रभावी ठरला. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी देवींचे मोकळे कुरळे केस भिंतीवर आणलेच होते. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठे आणि रघुवीर मुळगावकरांच्या फवाऱ्याच्या कुंचल्यातून उतरलेल्या गुळगुळीत नायिका यांनी मध्यमवर्गाला केशरचनेचे नमुने पुरवले. चित्रातला केस कधी विस्कटत नाही. त्याला घाम नसतो. कॅमेऱ्यापुढच्या माणसाला पुढे याच अशक्य तुळतुळीतपणाशी स्पर्धा करावी लागली. 1941 मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्यापूर्वी हा मान परदेशी तारकांचा होता. 1959 मध्ये ‘फेमिना’ निघाले. 1960 च्या ‘लव्ह इन शिमला’मध्ये साधनाचे रुंद कपाळ झाकण्यासाठी केस पुढे कापण्यात आले, आणि एका चेहऱ्यापुरता काढलेला तोडगा देशभर ‘साधना कट’ झाला. लंडनमध्ये 1963 साली व्हिडाल ससून यांनी अभिनेत्री नॅन्सी क्वान हिचे लांब केस कापले आणि टेरेन्स डोनोव्हन यांनी टिपलेल्या छायाचित्राने तो बॉब जगभर नेला. तेथे केस कापणाऱ्याचे नाव जगाला पाठ झाले. साधनाच्या केसांना कात्री लावणाऱ्या हाताचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

मराठी माणसापुरते बोलायचे तर या कलेचा कळस गौतम राजाध्यक्ष (1950–2011) यांच्या कामात दिसतो. लिंटास या जाहिरातसंस्थेतून ते या क्षेत्रात आले आणि ‘फेसेस’ हे त्यांचे पुस्तक 1997 मध्ये निघाले. त्यांच्या मवाळ प्रकाशातल्या चेहऱ्यांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : काळ्या केसांना काळोखातून सोडवायचे असेल तर मागून, खांद्याच्या वरच्या अंगाने एक स्वतंत्र दिवा द्यावा लागतो. त्या दिव्याने केसांभोवती जी सोनेरी कड येते ती दिलदार असते तशी निर्दयही असते. कारण उभा राहिलेला एकेक केस ती तारेसारखा उजळून दाखवते. येथून केशरचनाकाराचे काम सुरू होते.

हे काम समजून घेण्याजोगे आहे. लग्नातल्या नवरीचा अंबाडा चहूबाजूंनी पाहिला जातो आणि रात्रीपर्यंत टिकावा लागतो. छायाचित्रातली रचना एकाच बाजूने पाहिली जाणार असते आणि ती क्षणभरच टिकावी लागते. त्यामुळे समोरून धबधब्यासारखे कोसळणारे केस मागून पाहिले तर आकडे, चिमटे आणि भराव यांचा पसारा निघतो. मुळांशी उलटी फणी मारून उंची आणायची, पातळ जागी गंगावनाचेच आधुनिक भावंड जोडायचे, फवाऱ्याने पृष्ठभाग धरून ठेवायचा, आणि पंखा सुरू झाल्यावर कोणती बट उडेल व कोणती उडणार नाही, हे आधीच ठरवायचे. वारा नैसर्गिक दिसावा म्हणून तो आखावा लागतो. छायाचित्रकार भिंगातून चेहरा पाहत असतो. हा किंवा ही मात्र चौकटीच्या अगदी काठाशी, तोंडात आकडा धरून, हातात फणी घेऊन फक्त केस पाहत उभी असते. दोन चित्रांमधल्या अवकाशात धावत आत जायचे, एक केस बसवायचा आणि सावली पडण्यापूर्वी बाहेर यायचे. चौकटीत न दिसणे हेच तिच्या कौशल्याचे प्रमाण.

न दिसण्याचा हा गुण व्यवहारात मात्र महाग पडतो. मुंबईच्या चित्रपटव्यवसायात वेषभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांच्या संघटनेचा दंडक पाच दशकांहून अधिक काळ असा होता की, रंगभूषाकाराचे ओळखपत्र पुरुषालाच मिळेल. स्त्रीने केशभूषा करावी. म्हणजे चेहरा पुरुषाचा, केस बाईचे. ही विभागणी कुठल्या कलातत्त्वावर आधारलेली नव्हती. पुरुषांची रोजी जाऊ नये, एवढेच तिचे समर्थन होते. परदेशात रंगभूषेचे शिक्षण घेऊन आलेल्या चारू खुराना यांनी या दंडकाविरुद्ध दाद मागितली, आणि 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपक मिश्रा व न्या. उदय लळित यांच्या पीठाने तो रद्द ठरवला. लिंगावरून काम नाकारणे घटनेला धरून नाही, असा त्या निकालाचा आशय.

या निकालाकडे आम्ही 1890 च्या संपासमोर ठेवून पाहतो. त्या वेळी पुरुष कारागिरांनी स्त्रीच्या केसांना हात लावायचे नाकारले, कारण तो हात अन्यायाचा होता. पुढे पुरुष कारागिरांनी स्त्रीला केसांपलीकडे हात लावू द्यायचे नाकारले, आणि अन्याय तेथे झाला. दोन्ही वेळा वाद सौंदर्याचा नव्हताच. कुणाच्या हातात कोणते हत्यार असावे, याचा होता. पहिल्या लढ्यातल्या बहुतेकांची नावे आपण जपली नाहीत. दुसऱ्यातले एक तरी नाव न्यायालयाच्या दप्तरात कायमचे राहिले.

छायाचित्राचे रसग्रहण करताना आपण प्रकाश, कोन, रचना यांविषयी बोलतो. संहितेचे वाचन करताना लेखक, काळ, वाचक यांविषयी. परंतु ज्यांच्या श्रमावाचून ती कृती उभी राहिली नसती, त्या अनाम हातांसाठी आपल्या समीक्षेत अद्याप एखादा चांगला शब्दही नाही. ‘सहाय्यक’ हा शब्द पुरेसा नाही. गुडघ्याशी बसवून लेकीची वेणी घालणारी आई सहाय्यक नसते.

पारोळ्याच्या त्या दुकानात पुन्हा जाऊ. खुर्चीत बसलेला मुलगा भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवतो, “असे करा.” कारागीर चित्र पाहतो, मुलाचे केस बोटांत धरून पाहतो, आणि हे केस तसे बसणार नाहीत हे जाणून कात्री थोडी वेगळी चालवतो. चित्रातल्या मस्तकावरही कुणीतरी असाच विचार केला असणार. किल्ला जवळच आहे. ज्या घराण्यातल्या बाईला स्वतःच्या केसांसाठी रोज प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्या घराण्याचा. आरशात पाहून मुलगा मान हलवतो. त्याला पसंत पडलेले दिसते. कारागीर कापड झटकतो, आणि खाली पडलेले केस झाडूने गोळा करू लागतो.