मुखपृष्ठावरील स्त्री आणि आतील स्त्री

न्यूयॉर्कच्या ‘फिक्शन हाउस’ने १९४० ते १९५३ या काळात ‘प्लॅनेट कॉमिक्स’चे ७३ अंक काढले. त्यांच्या मुखपृष्ठांवर एकच त्रिकूट वारंवार येते : अक्राळविक्राळ परग्रहवासी, शस्त्रधारी नायक आणि तोकड्या वस्त्रांतील संकटग्रस्त स्त्री. या स्त्रीला बहुधा नाव नसते. विक्रेत्याच्या मांडणीवर अंक दुरून ओळखू यावा, हेच तिचे प्रयोजन. तिच्यावरून आतील कथांचा निवाडा करणे म्हणूनच धोक्याचे ठरते. आत गेल ॲलन स्त्रीसैनिकांच्या तुकडीचे नेतृत्व करते. चंद्रावरील मिस्टा मानवी ज्ञानाचे जतन करते. (या दोन्ही मालिकांची चित्रे काही काळ फ्रॅन हॉपर या स्त्रीनेच काढली, हे मुखपृष्ठांच्या चर्चेत सहसा येत नाही.)

फ्रेड्रिक वर्थम यांनी १९५४ साली ‘सिडक्शन ऑफ द इनोसन्ट’मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाच्या ‘फॅन्टम लेडी’चे मुखपृष्ठ पुराव्यादाखल छापले. त्याच वर्षीच्या कॉमिक्स-आचारसंहितेने स्त्रीदेहाच्या चित्रणातील अतिशयोक्ती निषिद्ध ठरविली. मुखपृष्ठावरील देहाविषयीचा आक्षेप मात्र तेवढ्यावर थांबला नाही. तो आतील स्त्रीच्या भूमिकेपर्यंत पोहोचला. प्रेमकथांनी गृहाचे मूल्य आणि विवाहाचे पावित्र्य ठसवावे, असेही त्याच संहितेने बजावले.