अभिनयव्यवसाय : चित्रपट, दूरचित्रवाणी व झाडीपट्टी

अभिनय ही कला असली, तरी नटाच्या दृष्टीने ती उपजीविकाही असते. प्रेक्षक पैसा कोठे व कशासाठी मोजतो, यावर नटाचे वास्तव्य, त्याची मिळकत आणि कारकीर्दीची मुदत अवलंबून राहते. महाराष्ट्रात विसाव्या शतकात या उपजीविकेचे दोन भिन्न मार्ग शेजारी शेजारी वाढले : एक कोल्हापूर, पुणे व मुंबई येथील चित्रपटव्यवसायाचा आणि दुसरा पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलाच्या व भातशेतीच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. कोशाच्या कापडाच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेले आंधळगाव (ता. मोहाडी, जि. भंडारा) याच प्रदेशात मोडते. चित्रपटाच्या केंद्रांपासून दूर असलेल्या अशा गावांच्या परिसरात नटाला पोसणारी व्यवस्था कशी टिकून राहिली, हे दोन्ही मार्गांची तुलना केल्यास स्पष्ट होते.

चित्रपटव्यवसाय : आरंभीच्या चित्रपटांना नट मिळणे कठीण होते. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटात स्त्री-नटी न मिळाल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्यानंतरच्या मोहिनी भस्मासुर या मूकपटात दुर्गाबाई कामत व त्यांच्या कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या दोघींनी कामे केली. दोघीही फिरत्या नाटक मंडळीतून आल्या होत्या. नाटक मंडळ्यांतील मासिक पगाराची पद्धत पुढे चित्रसंस्थांनीही स्वीकारली. १९२९ मध्ये कोल्हापूर येथे स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झालेली प्रभात फिल्म कंपनी हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. तेथे नट, तंत्रज्ञ व कारागीर हे सर्वच पगारी नोकर असत. यामुळे नटाला स्थैर्य लाभले. परंतु कराराची बंधनेही आली. विख्यात अभिनेत्री व गायिका शांता आपटे यांनी १९३९ मध्ये संस्थेशी झालेल्या वादातून तिच्या प्रवेशद्वाराशी उपोषण केले आणि पुढील वर्षी जाऊ मी सिनेमात ? हे पुस्तक लिहून या व्यवसायातील व्यवहाराची चिकित्सा केली. याउलट दुर्गा खोटे यांनी एकाच संस्थेशी बांधून न घेता पुणे, कलकत्ता व मुंबई येथील निरनिराळ्या संस्थांत कामे केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रसंस्थांची ही व्यवस्था ढासळली व प्रत्येक चित्रपटापुरता करार करण्याची रीत रूढ झाली. बंधन सुटले, तसा महिन्याचा पगारही सुटला. कामे मिळविण्यासाठी कलावंताला चित्रनिर्मितीच्या केंद्रांजवळ राहणे अपरिहार्य ठरले. विदर्भात जन्मलेले दिग्दर्शक राजदत्त (दत्तात्रय अंबादास मायाळू) यांची कारकीर्दही या नियमास अपवाद नाही. राजा परांजपे यांच्या हाताखाली उमेदवारी केल्यानंतर मधुचंद्र (१९६७) पासून त्यांनी स्वतंत्र दिग्दर्शन केले. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब जाहीर झाला.

झाडीपट्टी रंगभूमी : दंडार, खडीगंमत, गोंधळ यांसारख्या लोकाविष्कारांची या प्रदेशात जुनी परंपरा आहे. तिच्यावर संगीत नाटकाचा संस्कार होऊन आजचे झाडीपट्टी नाटक घडले. धानाची कापणी झाल्यावर दिवाळीपासून मंडईच्या जत्रा भरू लागतात व तेव्हापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. शंकरपटाच्या निमित्तानेही नाटके होतात. गावातील मंडळ मंडळीला ठराविक रकमेवर बोलावते, मोकळ्या शेतात बंदिस्त मांडव उभारते आणि तिकिटे विकून खर्च भरून काढते. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. पूर्वी गावातील हौशी तरुण स्वतःच नाटक बसवीत आणि स्त्री-भूमिकांसाठी तेवढ्या बाहेरच्या नटी बोलावीत. पुढे व्यावसायिक मंडळ्या निघाल्या व वडसा (देसाईगंज, जि. गडचिरोली) हे त्यांचे मुख्य केंद्र बनले.

या व्यवस्थेत निर्माता, भांडवल आणि प्रेक्षक हे तिन्ही गावातच असतात. धानाच्या पैशावर गाव नाटक आणते. म्हणून नटाला आपला प्रदेश सोडून जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांनी आपली कारकीर्द याच रंगभूमीवर घडविली व २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री किताब देण्यात आला. मात्र मिळकत हंगामी असल्याने अनेक नटांना उरलेले महिने शेती, मजुरी वा अन्य धंदा करावा लागतो. पीक बुडाले, तर हंगामही मंदावतो. २०२० मधील महासाथीच्या निर्बंधांनी अनेक कलावंतांचे उत्पन्न एकाएकी थांबले.

दूरचित्रवाणीचा परिणाम : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिमणराव-गुंड्याभाऊ या मालिकेने दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे हे रंगभूमीवरील नट घरोघरी पोहोचविले. १९९९ नंतर खाजगी मराठी वाहिन्या आल्या व दैनंदिन मालिकांमुळे पगारी नटाच्या जुन्या स्थैर्याची काहीशी पुनरावृत्ती झाली. पण ते मालिका चालू असेपर्यंतच टिकते. चित्रीकरण मात्र बहुतांशी मुंबई व तिच्या परिसरात एकवटलेले राहिले.

घरातील पडद्यामुळे झाडीपट्टी नाटक ओसरेल, ही भीती खरी ठरली नाही. उलट मालिकांतून व चित्रपटांतून नाव झालेल्या कलावंतांना मंडळ्या हंगामात बोलावू लागल्या व जाहिरातीत त्यांची नावे ठळकपणे झळकू लागली. प्रसिद्धी मुंबईत मिळवावी व तिचा मोबदला धानाच्या शेतात घ्यावा, असा हा उलटा प्रवाह होय. त्यातून स्थानिक नटाच्या वाट्याला कोणत्या भूमिका व किती बिदागी यावी, हा प्रश्नही उभा राहिला.

मूल्यमापन : दोन्ही मार्गांतील सर्वांत मोठा भेद स्मृतीचा आहे. प्रभातचे अनेक चित्रपट आजही पाहता येतात आणि १९६४ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या चित्रपटांचे जतन केले. झाडीपट्टीतील जुन्या प्रयोगांचे असे दृश्य पुरावे फारच थोडे आहेत. जुना नट गेला, की त्याचा अभिनयही त्याच्याबरोबर जातो. परिणामी महाराष्ट्रातील अभिनयाचा इतिहास प्रामुख्याने पडद्यावर उरलेल्या नटांचाच लिहिला गेला. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीची व तेथील लोककलांची नोंद करून ही उणीव अंशतः भरून काढली आहे. वयोवृद्ध नटांच्या मुलाखती, हस्तलिखित नाट्यसंहिता व जाहिरातपत्रके यांचा संग्रह गावोगाव होईल, तेव्हाच या रंगभूमीचा इतिहास सविस्तर लिहिता येईल.