१४. दोन वर्षांचा मोसम

भारतातील व्यावसायिक गोल्फपटूंची 'प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया' ही मालिका २००६ साली सुरू झाली. तिचा मोसम एरवी एका वर्षाचा असतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे खेळ थांबला, म्हणून २०२० व २०२१ मिळून एकच मोसम धरला गेला. लेखकाने 'दोन वर्षांचा मोसम' म्हटले आहे तो हाच. गावोगावच्या स्पर्धांत मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेवरून वर्षाची क्रमवारी ठरते. तिलाच मजकुरात 'मेरिट' म्हटले आहे. 'कट' म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतरची चाळणी. तीत गळालेल्याला बक्षिसाची रक्कम मिळत नाही.

'गोवळकोंड्याचे मैदान' हे हैदराबादेतील गोवळकोंडा किल्ल्याच्या नया किल्ला भागात आहे. बीदर-कलबुर्गीकडच्या वाचकाला हे मैदान जवळचे. तिथली फेब्रुवारी २०२० मधील 'गोवळकोंडा मास्टर्स' स्पर्धा पुण्याचे उदयन माने यांनी जिंकली. मजकुरातील 'माने' ते हेच. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अनिर्बन लाहिरी यांच्यासह ते भारताकडून खेळले.