लुगडे कोणी कसे नेसावे?

गेल्या १४ एप्रिलची गोष्ट. वाशी स्टेशनच्या फलाटावर एक बाई दोन मुलींना घेऊन उभ्या होत्या. पांढरीशुभ्र साडी, निळा काठ, केसांत गजरा. बाकावरच्या दोन गृहस्थांपैकी एक म्हणाला, "बघा, थाट बघा!" दुसरा हसला. यात शिवी नव्हती, जातीचे नाव नव्हते. तरीही बाईंनी पदर सावरला तो कशासाठी?

हा शेरा आजचा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. म्हणजे अंगावरचे कापड हा आवडीचा प्रश्न नव्हताच. माणूस लांबूनच ओळखू यावा आणि विटाळ टळावा, यासाठी ती केलेली सोय होती.

वाशीहून पनवेल गाठून गोव्याच्या रस्त्याला लागले की पुढे महाड येते. तिथे २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. गुडघ्यापर्यंतचे आखूड लुगडे आणि गळाभर, हातभर कथलाचे व चांदीचे दागिने या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, ते फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असे त्यांनी सांगितले. आमच्या आज्या-पणज्यांनी विचार करायला वर्ष घेतले नाही. नेसणे तिथल्या तिथे बदलले.

आणि सवर्ण समाजाला हे किती झोंबत होते? पुरावा लांब शोधायला नको. ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त इंदूर संस्थानातली बातमी आली. कनारिया, बिचोली-हप्सी वगैरे गावांतल्या सवर्णांनी बलाई लोकांना हुकूम दिला होता : जरीकाठी पगडी घालू नका, रंगीत काठाचे धोतर नेसू नका, तुमच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. बलाईंनी नकार दिला. त्यांचे विहिरीवरचे पाणी तोडले, गुरांचे चरणे बंद केले. शेकडो कुटुंबे पिढ्यान्पिढ्यांची घरे सोडून धार, देवास, ग्वाल्हेरकडे निघून गेली. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात ही हकीकत नोंदवली. धोतराच्या काठासाठी गाव सोडावे लागते, हे ज्याला अतिशयोक्ती वाटते त्याने ती वाचावी.

फलाटावरच्या गृहस्थाजवळ आज विहीर नाही, चराऊ रानही नाही. उरली आहे ती फक्त जीभ.

पण त्याच्यावरच बोट ठेवून मला सुटता येत नाही. महाडला बायकांना खूण टाकायला सांगितले होते. नवा गणवेश दिलेला नव्हता. आम्ही मात्र तो शिवून बसलो. नेरूळला एका बैठकीत जीन्स घालून आलेल्या कॉलेजच्या मुलीला मी सर्वांदेखत विचारले होते, "बाबासाहेबांनी हेच शिकवलं का?" लोक हसले. तिने उत्तर दिले नाही. पुढच्या बैठकीला ती आली नाही, नंतरही नाही.