प्रबंधाच्या जागी कविता

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाच्या जागी सर्जनशील लेखन मान्य केले. १९३६ मध्ये तेथे लेखनशाळा सुरू झाली. मुंबई विद्यापीठात न्यायमूर्ती रानडे यांच्या खटपटीने मराठीला एम. ए.त स्थान लाभले, ते मात्र भाषा-वाङ्मयाच्या अभ्यासासाठी. कवितेची चिकित्सा करणाऱ्यास पदवी मिळे, ती लिहिणाऱ्यास नव्हे. यात मराठी कवितेची हानी झाली, असे म्हणवत नाही. दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाला गेले, तेही विद्यार्थी म्हणून नव्हे, तर १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाचे निमंत्रित कवी म्हणून. तुकोबांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी त्याआधीच आरंभिला होता. ‘सेज तुका’ प्रसिद्ध झाले १९९१ मध्ये. त्या कामाला परीक्षेची मुदत नव्हती.