काजूच्या बोंडूपासून हुर्राक आणि फेणी : बनते कशी, फरक काय, कायदा काय?

मार्च-एप्रिलमध्ये दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले भागातल्या कुठल्याही काजूबागेत गेलात तर झाडाखाली बोंडूंचा सडा दिसेल. बी काढून घ्यायची आणि बोंडू तिथेच टाकायचा, ही आपली पद्धत. थोडे गुरं खातात, बाकीचे सडतात. माझ्या बागेतही तेच होतं. हाच बोंडू बांद्याच्या पलीकडे गोव्यात गेला की त्याला भाव येतो, कारण तिथे त्याची हुर्राक आणि फेणी होते.

काजू आला कुठून?
काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते इकडे आणलं. आता आपल्या जिल्ह्याचं ते मुख्य पीक झालं आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींपैकी वेंगुर्ला-4 चा बोंडू लाल, तर वेंगुर्ला-7 चा पिवळा असतो. बोंडूचं वजन बीच्या पाच ते दहा पट भरतं. म्हणजे पिकाचा मोठा भाग आपण फेकूनच देतो.

बनवण्याची पद्धत
बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पूर्ण पिकून खाली पडलेला वेचतात. बी पिळून वेगळी केली की बोंडू कोळंबीत टाकून पायाने तुडवतात. कोळंबी म्हणजे दगडात कोरलेली किंवा बांधलेली उथळ टाकी. आता काही जण यंत्रही वापरतात. तुडवलेल्या चोथ्याचा गोळा करून वर दगड ठेवला की जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. हा ताजाच प्यायचा, नशा होत नाही.

तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवतात. बाहेरून यीस्ट किंवा साखर घालावी लागत नाही. मग तो भाटीत उकळून वाफ थंड करतात. पहिल्या उकळीत मिळते ती हुर्राक, साधारण 15 टक्के मद्यार्काची. हुर्राकमध्ये आंबलेला रस मिसळून पुन्हा उकळलं की फेणी मिळते, ती 40 ते 45 टक्क्यांची.

हुर्राक टिकत नाही, ती हंगामातच संपते. फेणी वर्षानुवर्षे टिकते. जुने लोक ती काचेच्या मोठ्या गराफांवात ठेवत.

रम आणि फेणीत फरक
रम उसाच्या मळीपासून किंवा उसाच्या रसापासून होते. मळी साखर कारखान्यात बारमाही मिळते आणि साठवताही येते. बोंडू मात्र दिवसभरात खराब होतो. म्हणून रम कारखान्यात तयार होते, तर फेणीची भाटी बागेजवळच लागते. गडद रमला रंग लाकडी पिंपातून किंवा जाळलेल्या साखरेतून येतो. फेणी पाण्यासारखी पांढरी राहते.

माडाची फेणी
दक्षिण गोव्यात माडीपासूनही फेणी काढतात. आपल्या मालवण किनाऱ्यावर माडी काढणं हा भंडारी समाजाचा जुना धंदा. पण ताजी माडी वेगळी आणि उकळून काढलेली दारू वेगळी, हे लक्षात ठेवा.

पितात कशी?
हुर्राकमध्ये लिंबाचा सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात. फेणी सोडा-लिंबू किंवा कोकम सरबतातून घेतात. हुर्राक हलकी लागते म्हणून जास्त प्यायली जाते आणि नंतर उन्हात चढते. पिऊन गाडीवर बसू नका.

कायदा काय सांगतो?
गोव्यात काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये तिथल्या सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय भाटी लावणं गुन्हा आहे. गोव्याची दारू विनापरवाना इकडे आणली तर बाटली जाते, गाडीही जप्त होऊ शकते. 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजू बोंडू आणि मोहफुलांच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय घेतला. पण परवाना आणि भांडवल एकट्या बागायतदाराला झेपणारं नाही. गावागावात एकत्र येऊनच ते जमेल.

ज्यांना दारूच्या वाटेला जायचं नाही, त्यांना बोंडूचं सरबत आणि सिरपही करता येतं. घसा खवखवतो तो त्यातल्या टॅनिनमुळे, ते प्रक्रियेत कमी करता येतं. काहीही करा, पण बोंडू सडवू नका. बीचा दर पडतो त्या वर्षी हाच बोंडू हाताशी असतो.